स्वस्त बर्बनची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय दाराशी फलकावर लिहिलेला आहे. तो वाचून एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांला आत येतानाच गाठले आणि विचारले, "बिस्किटांवर तासभर काय बोलणार आपण?" त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे बर्बन म्हटले की चॉकलेटची मलई भरलेले लांबट बिस्किटच डोळ्यांपुढे येते. गंमत अशी की दोघांचेही नाव फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्यापर्यंत जाऊन पोचते. बिस्किटाला ते सरळ मिळाले. मद्याला मात्र ते केंटकीतील बर्बन परगण्यावरून मिळाले, की न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच नावाच्या रस्त्यावरून, ह्याबद्दल तिकडच्या संशोधकांत अजून एकमत नाही. हा खुलासा ऐकून ते गृहस्थ घरी परततील असा आमचा अंदाज होता. ते पहिल्या रांगेत बसले आहेत.

मद्यपानाचा पुरस्कार करावयास आम्ही येथे उभे नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पिणाऱ्याकडे परवाना मागतो, आणि मद्य हे कर्करोगाचे एक कारण आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले आहे. ज्यांना घ्यावयाचे नाही त्यांनी ते कधीही घेऊ नये. परंतु पारख ही निराळी गोष्ट आहे. ज्यांचा चव घेण्याचा धंदाच आहे असे लोक घोट तोंडात घोळवतात आणि पिकदाणीत टाकतात. दिवसाकाठी वीसपंचवीस नमुने ज्याला तपासावयाचे, तो ते पिऊ लागला तर सहाव्या नमुन्यापाशीच त्याचे मत संपेल. आमचा आजचा विषय पिकदाणीच्या बाजूचा आहे, प्याल्याच्या बाजूचा नव्हे.

आता ही बर्बन म्हणजे काय? अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ च्या मे महिन्यात ठराव करून तिला त्या देशाचे खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. केंटकीतच ती झाली पाहिजे असे मात्र नाही. अमेरिकेत कोठेही चालते. बहुतेक होते केंटकीत, एवढे खरे. धान्यात निदान ५१ टक्के मका पाहिजे. उरलेल्या भागात राय किंवा गहू, आणि थोडे मोड आणून वाळवलेले जव. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या नात्यातले ते थंड मुलखातले धान्य आहे.) धान्य शिजवून त्याची पातळ पेज करतात, ती आंबवतात आणि भट्टीतून काढतात. आंबवताना आदल्या खेपेचे भट्टीतून निघालेले आंबट पाणी थोडे नव्या पेजेत मिसळतात. आपल्या बायका विरजण राखून ठेवतात त्याची आठवण व्हावी. फरक इतकाच, की विरजणातले जीव जिवंत असतात आणि ह्या पाण्यातले उकळून मेलेले असतात. त्याचे काम पेजेला योग्य आंबटपणा आणून देण्याचे, म्हणजे नको ते जंतू माजत नाहीत आणि प्रत्येक खेप मागच्या खेपेसारखी उतरते.

भट्टीतून जे निघते ते पाण्यासारखे पांढरे स्वच्छ असते. मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यावयाचा नाही असे बंधन आहे, आणि त्यात शहाणपण आहे. मद्यार्क जितका अधिक शुद्ध करावा तितकी त्यातली धान्याची चव नाहीशी होते. मग त्यात पाणी घालून तो ६२.५ टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली आणतात आणि पिंपात भरतात. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे, आणि आतून जाळलेले. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. ती जुनी पिंपे पुढे स्कॉटलंडला जातात आणि तिकडच्या व्हिस्कीला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतात.

ह्या जाळलेल्या पिंपापाशी आपण थोडे थांबू, कारण रंग आणि बरीचशी चव तेथूनच येते. वरून रंग घालण्याची परवानगी नाही, वास घालण्याची नाही. पिंप आतून पेटवले की कोळशाचा एक थर तयार होतो, आणि त्या थराच्या मागचे लाकूड भाजले जाते. लाकडातील लिग्निन नावाच्या द्रव्यापासून व्हॅनिलिन होते, म्हणजे आइस्क्रीमला जो व्हॅनिलाचा वास येतो तोच. लाकडातल्या दुसऱ्या एका घटकाची साखर होऊन ती करपते आणि जळक्या पाकाची चव देते. ओकमध्ये मुळातच असे एक द्रव्य असते की ज्याचा वास खोबऱ्यासारखा येतो. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळा बर्फाचा. उन्हाळ्यात पिंपातले मद्य फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातले काही घेऊन येते. वखारी कित्येक मजले उंच असतात. वरच्या मजल्यावर उकाडा जास्त, म्हणून तेथील पिंप लवकर पिकते. खालचे सावकाश. पत्र्याच्या छपराखालची अढी आणि तळघरातली अढी ह्यांत आंबा जसा निरनिराळा पिकतो तसेच हे आहे. दरसाल पिंपातले थोडे हवेत उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. देवदूतांना परवाना लागत नसावा.

इतके नियम झाल्यावर कोणी म्हणेल की मग स्वस्त बाटली आणि महाग बाटली ह्यांत उरले काय? प्रश्न बरोबर आहे, आणि आमच्या सांगण्याचा गाभा तोच आहे. पण त्याआधी हे नियम आले कोठून ते पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'रेक्टिफायर' नावाचा एक धंदा होता. मराठीत त्यांना दुरुस्तीवाले म्हणू. ते भट्टीवाल्यांकडून कच्चा मद्यार्क घेत, त्यात रंग, फळांचा रस आणि कधी ह्याहून वाईट पदार्थ मिसळीत, आणि रातोरात जुनी व्हिस्की तयार करून पिंपावर पाहिजे ते नाव घालीत. सगळेच दुरुस्तीवाले लबाड होते असे नाही. पण गिऱ्हाइकाला खरे आणि खोटे निवडण्याचे साधन नव्हते. तेव्हा एडमंड टेलर नावाच्या केंटकीतील एका भट्टीवाल्याने खटपट केली, अर्थमंत्री जॉन कार्लाइल ह्यांनी ती उचलून धरली, आणि १८९७ साली 'बॉटल्ड-इन-बाँड' चा कायदा झाला. अटी अशा: एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या वखारीत मुरलेली, आणि नेमका ५० टक्के मद्यार्क असलेली. त्या वेळी वखारीला दोन कुलुपे असत, एकाची किल्ली मालकाकडे आणि दुसऱ्याची सरकारी अधिकाऱ्याकडे. आज ती कुलुपे गेली, अटी राहिल्या. ह्या खटपटीत टेलरसाहेबांचा धंद्याचा स्वार्थ नव्हता असे कोणी समजू नये. भरपूर होता. पण लोकांचे हित स्वार्थाच्या गाडीत बसूनही कधी कधी घरी पोचते.

हे सर्व आपल्याला का सांगितले? आपल्या राज्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळे मळी म्हणजे काय ते येथे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जे खपते त्यातले पुष्कळसे ह्या मळीच्या मद्यार्कापासून बनते. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मळीचे मद्य वाईटच असते असे आम्ही म्हणत नाही. रम त्याचीच होते आणि रम हे मानाचे पेय आहे. गाऱ्हाणे फक्त नावाबद्दल आहे. आणि ह्याच्याही खाली उतरले की गाऱ्हाणे नावापुरते राहत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती हातावर पोट असलेली माणसे होती. त्यांनी स्वस्त घेतले, कारण त्यांना तेवढेच परवडत होते. स्वस्त वस्तूच्या खरेपणाची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न शौकिनांच्या दिवाणखान्यातला नव्हे, एवढेच आम्हांला म्हणावयाचे आहे. श्रीमंताला कायदा नसला तरी चालते. तो खात्रीचा माल मागवून घेतो.

आता बाटलीकडे येऊ. आम्ही जी निवडली तिचे नाव इव्हान विल्यम्स, पांढऱ्या चिठ्ठीची. ती त्याच १८९७ च्या कायद्यातली आहे आणि अमेरिकेत तिची किंमत वीस डॉलरांच्या आतबाहेर असते. हेवन हिल ही कंपनी ती बनवते. १९३५ साली केंटकीतील बार्डस्टाऊन येथे ही कंपनी निघाली. १९९६ च्या नोव्हेंबरात तेथे आग लागून भट्टी आणि सुमारे ९०,००० पिंपे जळाली. पेटलेले मद्य रस्त्याने वाहत होते. त्या अडचणीच्या काळात शेजारच्या प्रतिस्पर्धी भट्ट्यांनी त्यांना आपल्याकडे मद्य गाळून दिले. १९९९ मध्ये कंपनीने लुईव्हिल शहरातली एक भट्टी विकत घेतली.

चिठ्ठी वाचण्याचीही एक रीत आहे. चिठ्ठीचे दोन भाग धरावे: एक शपथेवरचा आणि एक पोवाड्याचा. बॉटल्ड-इन-बाँड हे शब्द, मद्यार्काचे प्रमाण, 'स्ट्रेट' हा शब्द असल्यास तो, आणि गाळणाऱ्या भट्टीचा सरकारी क्रमांक, हा शपथेवरचा भाग. ह्यात खोटे लिहिले तर कायदा विचारतो. 'स्ट्रेट' म्हणजे निदान दोन वर्षे मुरलेली, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावे लागते. 'प्रूफ' म्हणून आकडा दिसेल. त्याच्या निम्मे केले की मद्यार्काची टक्केवारी निघते. पोवाड्याचा भाग म्हणजे पूर्वजांचे चित्र, 'हातांनी जपलेली', 'आजोबांची कृती' वगैरे. ह्या इव्हान विल्यम्सच्या नावाबरोबर १७८३ हे साल सांगतात, की केंटकीतला पहिला भट्टीवाला तोच. इतिहासकारांनी त्यावर शंका घेतल्या आहेत. पोवाडा ऐकावा, आवडला तर टाळीही द्यावी. पैसे शपथेच्या भागाकडे पाहून मोजावे.

चव घेताना काचेचा लहान प्याला घ्यावा, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता. बोटभर ओतून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा. नाक एकदम आत खुपसू नये. मद्यार्काचा झणका बसला की पुढची दहा मिनिटे नाक कामातून जाते. प्याला हनुवटीपाशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हळूच हुंगावे. पहिला घोट हा जिभेला नुसती वर्दी देण्यासाठी असतो. त्यावर मत देऊ नये, तो ठसक्यात जातो. दुसरा घोट तोंडभर फिरवावा, जणू चावतो आहोत असा; केंटकीतले जुने लोक तसेच करतात. मग तो पिकदाणीत टाकून, मागे काय राहते आणि किती वेळ राहते, ते स्वस्थ बसून पाहावे. नंतर चमचाभर पाणी घालून पुन्हा सगळे पहिल्यापासून. ५० टक्क्यांच्या मद्याला पाणी घालण्यात कमीपणा नाही. कित्येक वास पाण्यानेच सुटे होतात.

आणि शब्द आपले वापरावे. इंग्रजी पुस्तकांतून 'टॉफी' आणि 'चेरी' उसनी आणण्याचे कारण नाही. ह्या बाटलीच्या प्याल्यावर आम्हांला आधी व्हॅनिला लागला आणि लगेच शेंगदाण्याच्या चिक्कीचा पाक, तोही थोडा पुढे गेलेला, म्हणजे आई ओरडते त्या अवस्थेतला. जिभेवर मक्याचा गोडवा, मग दालचिनी आणि मिरी. ही राय धान्याची देणगी. शेवटी लाकूड, सुपारीसारखे किंचित तुरट. पाणी घातल्यावर काकवीचा वास वर आला. चारपाच वर्षांच्या मद्यात जुन्या मद्याची खोली नसते, तशी येथेही नाही. मागे उरणारी चव मध्यम लांबीची आहे. परंतु जे आहे ते धान्याचे आणि लाकडाचे आहे, बाहेरून आणून चिकटवलेले त्यात काही नाही.

हे इतके ठामपणे सांगण्याचा अधिकार आम्हांला आहे काय, हे आता आपणच ठरवा. कारण पुढची हकीगत आमच्या विरुद्ध जाणारी आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे पुतण्याकडे लुईव्हिलला जाणे झाले. त्याचे शेजारी एक निवृत्त सुतार होते. बोलणे कमी आणि हात कामात, असा माणूस. आम्हांला व्हिस्कीतले कळते असे आमच्या पुतण्याने त्यांना सांगून ठेवले होते, आणि आम्हीही ते नाकारले नव्हते. एके संध्याकाळी त्यांनी आमच्यापुढे पाच प्याले मांडले, बुडाला आकडे चिकटवलेले. बाटल्या आत ठेवल्या. पाचांत एक मद्य दहापट किमतीचे आहे एवढेच सांगितले. आम्हांला कागद आणि पेन्सिल दिली. आम्ही तासभर हुंगले, घोळवले, थुंकले आणि लिहिले. दुसऱ्या प्याल्यापुढे आम्ही लिहिले: "घरंदाज. हीच महाग." चौथ्यापुढे लिहिले: "बाजारी. उग्र."

दुसऱ्यात आणि चौथ्यात एकच मद्य होते. तीच वीस डॉलरांची पांढऱ्या चिठ्ठीची बाटली.

स्वस्ताला महाग म्हटले असते तर आम्ही हसून घेतले असते. उलट त्यात मोठेपणाच होता. पण एकाच वस्तूला घरंदाजही म्हटले आणि बाजारीही, हे फार लागले. सुतारबाबा बाटल्या आणायला आत गेले होते. पुतण्या फोनवर होता. उत्तराची चिठ्ठी टेबलावर उघडी होती, आणि आमच्या हातात पेन्सिल होती. आम्ही चौथ्यापुढचे 'बाजारी' खोडून 'साधारण दुसऱ्यासारखी' असे लिहिले. वयाची साठी उलटल्यावर, कोणीही मागितलेली नसताना, आम्ही ही दुरुस्ती केली. मघाशी ज्या दुरुस्तीवाल्यांना आम्ही नावे ठेवली त्यांच्यापाशी निदान पोट भरण्याचे कारण होते.

म्हाताऱ्याने कागद पाहिला, आणि खोडलेल्या जागेवर त्याची नजर किंचित थांबली. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बोलावणे आले. पुन्हा पाच प्याले, आकडे बदललेले. कागद होताच. पेन्सिलीऐवजी या खेपेस शाईचे पेन ठेवलेले होते.

त्यानंतर आम्ही चार संध्याकाळी बसलो. हळूहळू कळत गेले की आधी काय चाखले ह्यावर पुढच्याची चव ठरते. गोड प्याल्यामागून आलेला प्याला उग्र लागतो. आमच्या चौथ्या प्याल्याच्या नशिबी तेच आले होते. म्हणून क्रम दर वेळी बदलला पाहिजे, मधे पाणी आणि कोरडा पाव पाहिजे, आणि तीन प्याले घेऊन त्यांत दोन सारखे ठेवून वेगळा कोणता ते ओळखण्याचा सराव केला पाहिजे. चौथ्या संध्याकाळी आम्ही जोडी बरोबर ओळखली. महाग मद्यही ओळखले. ते वेगळे होते ह्यात शंका नाही: लाकूड दाट, मागची चव लांब. आमच्या जिभेला त्यातला तुरटपणा जरा जास्त झाला. दुसऱ्या कोणाला तोच आवडेल. दहापट किंमत वय, दुर्मिळपणा आणि मागणी ह्यांची होती. चवीतला फरक खरा होता, पण दहापट नव्हता.

किमतीचा जिभेवर काय परिणाम होतो ह्याचा प्रयोग कॅलिफोर्नियात झालेला आहे. त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसांना द्राक्षाचे मद्य पाजले. पाच निरनिराळ्या किमतींची पाच मद्ये आहेत असे त्यांना सांगितले. वास्तविक ती तीनच होती. नव्वद डॉलरांचे म्हणून दिलेले मद्य दहा डॉलरांचे म्हणून दिलेल्यापेक्षा लोकांना फार आवडले, आणि दोन्ही एकाच बाटलीतले होते. विशेष हे, की ते लोक खोटे बोलत नव्हते. यंत्राने त्यांच्या मेंदूकडे पाहिले तर सुखाशी निगडित भागात चलनवलनही जास्त होते. तेव्हा किमतीची चिठ्ठी डोळ्यांपुढे असेतोवर 'माझ्या जिभेला कळते' ह्या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. ती झाकलीच पाहिजे.

आणखी एक शंका मघापासून पुष्कळांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. ही बाटली तिकडे स्वस्त, येथे काय? येथे ती स्वस्त राहत नाही. परदेशी मद्यावर आपल्याकडे १५० टक्के आयातशुल्क असे. बर्बनपुरते ते २०२५ च्या फेब्रुवारीत १०० टक्क्यांवर आणले गेले, आणि त्यावर राज्याचे कर वेगळे. म्हणजे केंटकीतल्या सुताराची रोजची बाटली आपल्या दुकानात साहेबाची बाटली होऊन बसते, आणि तिचे गिऱ्हाईक ती साहेबाची म्हणूनच घेते. तेव्हा पारख शिकण्यासाठी तीच बाटली शोधत कोणी हिंडू नये. प्याले झाकून क्रम बदलण्याची रीत चहाला लागू आहे, गुळाला आहे, तांदळाला आहे. घरात दोन दुकानांचा गूळ आणावा, तीन वाट्यांत घालावा, आणि आकडे घालण्याचे काम घरातल्या लहान मुलाकडे द्यावे. ते उत्तर फोडत नाही आणि दयाही दाखवत नाही.

तो पहिल्या संध्याकाळचा कागद सुतारबाबांनी परत दिला नाही. आम्ही निघताना मागितला होता. त्यांनी तो कारखान्यात रंध्यांच्या फळीवर खिळ्याने लावला होता, आणि आमचे विमान चुकेल असे सांगून त्यांनी आम्हांला गाडीत बसवले.

वेळ झाली आहे. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना काही विचारावयाचे दिसते. त्यांनी अवश्य विचारावे.